ठेच नेमकी कशाला लागते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वीस वर्षांची मैत्रीण. तिची श्रद्धा वेगळी, तुमची वेगळी, आणि त्या विषयावर तुम्ही दोघी कधी बोलला नाहीत. तीन महिन्यांपूर्वी तिचे वडील गेले. एका संध्याकाळी तिने सरळ विचारलं, "तू येशूला मानतेस ना, मग तुझ्या मते माझे बाबा आत्ता कुठे आहेत?" तुम्ही काहीतरी पुटपुटून विषय बदललात. तेव्हापासून मन खातंय. बोललं तर ती दुखावेल, गप्प राहिलं तर या मैत्रीला प्रेम तरी कसं म्हणायचं? त्यात चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तुम्हाला ठणकावलं, "सुवार्तेने (येशूच्या शुभसंदेशाने) माणूस दुखावणारच. ते वधस्तंभासाठी सोसायचं असतं." हे तुम्हाला पटत नाही आणि खोडताही येत नाही.

ते वाक्य मी पंचविशीत असताना भरपूर वापरलं आहे. फार सोयीचं वाक्य आहे. हवं तसं बोलायची मोकळीक मिळते आणि वर छळ सोसल्याचं समाधानही. मी सव्वीस वर्षांचा असताना एका मित्राचा थोरला भाऊ वारला. सांत्वनाला गेलो. घर माणसांनी भरलेलं होतं. मला वाटलं, मृत्यू असा समोर उभा असताना लोक ऐकतील, आज नाही सांगितलं तर कधी सांगणार? मी न्यायाच्या दिवसाबद्दल बोललो. वचनं सगळी बरोबर होती, एकही अध्याय चुकला नाही. मित्राच्या आईने शांतपणे विचारलं, "झालं का तुमचं?" आणि त्या उठून आत गेल्या. मित्र त्यानंतर नऊ वर्षं माझ्याशी बोलला नाही. मी मात्र त्या दिवशी घरी परतताना खुशीत होतो. ख्रिस्तासाठी अपमान सोसला ना! पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. माझ्या ठेचा बऱ्याच आहेत, तुमच्या कामी येऊ द्यात.

ठेच हा शब्द मुद्दाम वापरतोय. नव्या करारात जिथे आपण "अडखळण" वाचतो, तिथे मूळ ग्रीकमध्ये बऱ्याच ठिकाणी "स्कांदालोन" हा शब्द आहे. सापळ्यातला जो खटका प्राण्याचा धक्का लागताच सुटतो, त्याच्याशी या शब्दाचं नातं. मत्तयाच्या शुभवर्तमानात या शब्दाचं क्रियापद दोन अध्यायांच्या अंतराने दोनदा येतं आणि येशू दोन्ही वेळा अगदी उलट वागतो. पंधराव्या अध्यायात शिष्य धावत येऊन सांगतात, तुमचं बोलणं ऐकून परूशी (नियमांना काटेकोर असलेले यहूदी धर्मपुढारी) अडखळले, कळलं का? येशू म्हणतो, राहू द्या त्यांना. एक शब्द मागे घेत नाही. सतराव्या अध्यायात मंदिरपट्टी वसूल करणारे पेत्र या शिष्याला गाठतात. येशू आधी स्पष्ट करतो की पुत्राला ही पट्टी लागू नाही. मग म्हणतो, तरी त्यांना आपण अडखळण होऊ नये, म्हणून भर. आणि स्वतःची व पेत्राची, दोघांची पट्टी भरायला लावतो.

मला या दोन प्रसंगांनी जेवढं शिकवलं तेवढं सुवार्ताप्रसाराच्या कुठल्या प्रशिक्षणाने शिकवलं नाही. पहिल्या ठिकाणी प्रश्न होता माणूस आतून शुद्ध कसा होतो याचा. तो सुवार्तेचा गाभा. तिथे त्याने माघार घेतली नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रश्न त्याच्या स्वतःच्या हक्काचा होता. तो त्याने सोडून दिला. आपण बहुतेक वेळा याच्या नेमकं उलट करतो. स्वतःचा हक्क, मान, वादातली सरशी यांसाठी खिंड लढवतो, आणि गाभ्याची वेळ आली की "ज्याची त्याची श्रद्धा" म्हणून मोकळे होतो.

म्हणून त्या वडीलधाऱ्यांना माझं उत्तर एवढंच: वधस्तंभाची ठेच लागणार, खरं आहे. पण समोरच्याला लागली ती वधस्तंभाचीच होती की वाटेत पसरलेल्या आपल्या पायाची, हे आधी पाहावं. प्रेषित पौल गलतीकरांना लिहिताना वधस्तंभाच्या अडखळणीला धरून बसतो, ती काढली तर सुवार्ताच उरत नाही म्हणतो. तोच पौल दुसऱ्या करिंथपत्रात म्हणतो की आमच्या सेवेला दोष लागू नये म्हणून आम्ही कुणाच्या वाटेत कसलंही अडखळण ठेवत नाही. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत आणि त्यांत विसंगती नाही. रस्त्यात एकच दगड आहे, तो देवाने ठेवलेला आहे. आपण आणखी दगड टाकायचे नाहीत.

आता, तो दगड कोणता? हे स्वतःशी स्पष्ट नसेल तर बोलताना गोंधळ उडतो. पहिल्या शतकातल्या माणसाला तो लगेच कळायचा. क्रूसावर मरण म्हणजे गुलाम आणि बंडखोर यांची शिक्षा. स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर, इ.स.पू. 71 मध्ये, रोमनांनी कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सहा हजार जणांना असं टांगलं होतं. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. 63 मधल्या एका भाषणात म्हटलं की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या विचारापासून, डोळ्यांपासून, कानांपासून दूर असावा. अशा जगात जाऊन सांगायचं की त्या लाकडावर मेलेला माणूस देवाचा पुत्र आहे! रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीच्या गिलाव्यावर कोरलेली टवाळी 1857 मध्ये सापडली. साधारण 200 सालच्या सुमाराची मानतात. गाढवाचं डोकं असलेला एक माणूस क्रूसावर, खाली हात उंचावलेला एक जण, आणि ओळ: "अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो." शेजारच्या एका खोलीत वेगळ्या अक्षरात कोरलेलं सापडलं, "अलेक्सामेनोस विश्वासू आहे." ते कुणी लिहिलं माहीत नाही. त्यानेच उत्तर दिलं असावं असं मला उगीच वाटत राहतं.

आज क्रूस गळ्यात घालायचा दागिना झाला आहे, त्यामुळे तो धक्का बोथट झालाय. पण दगड जागेवरच आहे. आजच्या माणसाला तो तीन ठिकाणी लागतो असं माझं निरीक्षण आहे. पहिलं, मला तारणाची गरज आहे हेच त्याला मान्य नसतं. दुष्टाला असेल, मला कशाला? प्रामाणिकपणे जगलेल्या, कुणाचं वाईट न केलेल्या माणसाला "पापी" म्हटलं की त्याला ती शिवी वाटते. दुसरं, ही कृपा फुकट आहे. हे ऐकायला गोड वाटतं, पण सज्जनाला फार झोंबतं, कारण आयुष्यभर नीतीने जगलेला तो आणि क्रूसावर शेवटच्या घटकेला वळलेला चोर एकाच दारातून आत जातात. तिसरं म्हणजे एकच मार्ग असल्याचा दावा. हा दावा आपला नाही, योहानाच्या चौदाव्या अध्यायात तो स्वतः येशूच्या तोंडी आहे, त्यामुळे तो सौम्य करायचा अधिकारही आपल्याकडे नाही.

या तीन गोष्टींपैकी एखादीमुळे तुमची मैत्रीण दुखावली तर त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. बाकी कशामुळेही दुखावली तर ती चूक तुमची असू शकते, असं धरून चाला.

बाकी म्हणजे काय? तिच्या देवाधर्माची टिंगल. तिच्या घरच्या पूजेअर्चेवर शेरे. तिच्या आजाराचा, संकटाचा "बघ, म्हणूनच" असा अर्थ लावणं. तिला न विचारता तिच्यासाठी सगळ्यांसमोर प्रार्थना करणं. तिच्या दुःखाची गोष्ट मंडळीत साक्ष म्हणून सांगणं, हे तर मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता चीड येते. इफिसमधला प्रसंग लोक नीट वाचत नाहीत. पौल तिथे दोन वर्षांहून अधिक काळ शिकवत होता. त्या शिकवणीने अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे घडवणाऱ्यांचा धंदा बसायला लागला, नगरात दंगल उसळली. म्हणजे ठेच चांगलीच लागली होती! आणि त्या दंगलीत नगराचा अधिकारी उभा राहून जमावाला काय सांगतो? ही माणसं देवळं लुटणारी नाहीत, आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. साक्ष विरोधी बाजूची आहे. दोन वर्षं त्या नगरात सुवार्ता सांगून पौलाच्या सोबत्यांबद्दल असं प्रमाणपत्र मिळतं. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या शेजाऱ्यांकडून मिळेल?

अथेनैतही तेच. मूर्तींनी भरलेलं नगर पाहून पौलाचा जीव आत तळमळला, असं लूक लिहितो. पण अरीयपग या टेकडीवर उभा राहिल्यावर त्याच्या तोंडून ती तळमळ संताप होऊन बाहेर पडली नाही. तुम्ही देवाधर्माबाबत फार जागरूक आहात, इथून त्याने सुरुवात केली, "अज्ञात देवाला" अशी त्यांचीच एक वेदी दाखवली, त्यांच्याच कवीची ओळ उद्धृत केली, "आपण वास्तविक त्याचा वंश आहोत." ती ओळ अराटस या कवीची. म्हणजे पौलाने ती कधीतरी वाचली किंवा ऐकली होती, मनात जपली होती. पुढे पुनरुत्थानाचा विषय निघाला तेव्हा काही हसले, काहींनी पुन्हा ऐकू म्हटलं, आणि दिओनुस्य, दामारी आणि आणखी काहीजण विश्वासात आले. हसणाऱ्यांसाठी त्याने पुनरुत्थान गाळलं नाही. पण तिथपर्यंत तो त्यांना हाताला धरून घेऊन गेला.

आता तुमच्या गप्प बसण्याकडे येतो. जरा कडू बोलणार आहे. "ती दुखावेल म्हणून बोलले नाही" हे आपण प्रेमाच्या खात्यात जमा करतो. मी माझ्या गप्प बसण्याचे प्रसंग आठवून पाहिले, तर बऱ्याच वेळा भीती समोरच्याच्या दुखावण्याची नव्हतीच. मला तो काय समजेल याची होती. कर्मठ म्हणेल, मागासलेला म्हणेल, घरी बोलावणं बंद करील. हे स्वतःवरचं प्रेम आहे, दुसऱ्यावरचं नव्हे. स्वतःला एकच विचारा: तिला दुःख होणार नाही अशी खात्री असती, पण तुमच्याबद्दलचं तिचं मत थोडं उतरणार असतं, तर तुम्ही बोलला असता का? उत्तर "नाही" आलं तर निदान रोग कळला. लाजण्यासारखं त्यात काही नाही. पेत्राचं तर एका दासीसमोर पाणी झालं होतं.

आणि उलट बाजूही तेवढीच खरी. बोलण्याची घाई ही पुष्कळदा आपलं ओझं उतरवण्याची घाई असते. सांगून टाकलं, आता माझी जबाबदारी संपली. मित्राच्या घरी त्या दिवशी मी नेमकं तेच केलं. बोललो ते त्या माउलीसाठी नव्हतं, माझ्या मनावरचा भार हलका व्हावा म्हणून होतं. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की तुम्हाला केवळ सुवार्ता देण्यास नव्हे, तर आपला जीवही देण्यास आम्ही राजी होतो. जीव द्यायची तयारी असलेला माणूस सांगून पळत नाही. तो थांबतो, दुसऱ्या दिवशी परत येतो, दवाखान्यात रात्र काढतो, तेराव्या भेटीतही तीच रडकहाणी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतो.

आता मूळ प्रश्न. "माझे बाबा कुठे आहेत?"

हा प्रश्न मला या तीस वर्षांत अनेकांनी विचारला आहे. पहिली गोष्ट: हा प्रश्न माहितीसाठी नसतो. तिला स्वर्ग-नरकाचा नकाशा नको आहे. ती विचारते आहे की माझ्या बाबांची किंमत तुझ्या देवाच्या लेखी काय, आणि तू माझ्या बाजूची आहेस की नाही. लाजर वारल्यावर त्याची बहीण मरीया येशूच्या पाया पडून म्हणाली, प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. काही मिनिटांत आपण लाजरला उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं. सांगता आलं असतं की रडू नका, गंमत बघा. पण "येशू रडला." आधी रडला. मार्थेशी मात्र त्याआधीच तो पुनरुत्थानाबद्दल बोलला होता. दोघी बहिणी, एकच दुःख, एकीला शब्द हवे होते आणि दुसरीला आसवं. तुमची मैत्रीण मार्था आहे की मरीया, हे तुम्हीच ओळखा. वीस वर्षं ओळखताय तिला.

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र बदनाम आहेत, पण त्यांचीही एक गोष्ट चांगली होती. आल्यावर ते सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. नंतर तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

दुसरी गोष्ट: खोटं बोलू नका. "ते नक्की स्वर्गात आहेत" असं सांगण्याचा मोह होईल. तिला बरं वाटेल. पण तुम्हाला ते ठाऊक नाही, आणि तुम्हाला ठाऊक नाही हे तिलाही कळतं. त्याच न्यायाने "ते नरकात आहेत" असं म्हणण्याचाही तुम्हाला अधिकार नाही. एखाद्या माणसाच्या शेवटच्या घटकेला त्याच्या आणि देवाच्या मध्ये काय घडलं हे कुणी पाहिलं आहे? क्रूसावरच्या चोराच्या घरच्यांनी त्या संध्याकाळी काय समजूत करून घेतली असेल, विचार करा. मी कुणाही मृताबद्दल निकाल देत नाही. अब्राहाम देवाशी बोलताना म्हणाला होता, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? मी तिथे थांबतो. काहींना ही पळवाट वाटते. मला ती माझ्या अधिकाराची हद्द वाटते.

मग काय बोलायचं? शब्द तुमचेच हवेत, पण मी असतो तर साधारण असं बोललो असतो: "त्या दिवशी तू बाबांबद्दल विचारलंस आणि मी विषय बदलला. घाबरले होते. तुला दुखवायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तू मला काय समजशील याचीही भीती होती. बाबा कुठे आहेत हे मला ठाऊक नाही. ते सांगणारी मी कोण? ज्याच्या हाती ते आहे तो तुझ्यामाझ्यापेक्षा न्यायी आहे आणि दयाळूही आहे, एवढं मी मानते. येशूबद्दल मला जे ठाऊक आहे आणि मरणाच्या बाबतीत मी त्याच्यावर का भरवसा ठेवते, ते तुला ऐकायचं असेल तर सांगेन. आत्ता नको असेल तर नको. तू कधीही विचार."

यात परवानगी मागितली आहे, तिच्याकडे लक्ष द्या. ती सभ्यपणाची औपचारिकता नाही. ज्याला "नाही" म्हणण्याची मुभा नाही त्याचं "हो" पोकळ असतं. म्हणूनच जिथे समोरचा आपल्यापुढे दबलेला आहे तिथे मी दुप्पट जपतो: साहेब आणि हाताखालचा माणूस, डॉक्टर आणि रुग्ण, शिक्षक आणि मूल, मदत देणारा आणि घेणारा. धान्याच्या पिशवीसोबत आलेली सुवार्ता पिशवीच्या वजनाने स्वीकारली जाते. योहानाच्या सहाव्या अध्यायात भाकरी खाल्लेला जमाव दुसऱ्या दिवशी येशूला शोधत आला, तेव्हा त्याने तोंडावर सांगितलं की भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून तुम्ही आला आहात. त्या दिवशी गर्दी ओसरली आणि त्याने ती ओसरू दिली. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या एरवी फारशा एकत्र न येणाऱ्या तीन संस्थांनी 2011 मध्ये मिळून साक्ष देण्याच्या आचाराबद्दल शिफारशी काढल्या. त्यांत आमिष, पैसा, जबरदस्ती यांना साफ नकार दिला आहे, आणि गरिबीचा किंवा अगतिकतेचा फायदा घेऊ नये असं बजावलं आहे. मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला त्या वाचायला लावतो.

तिने ऐकायचं म्हटलं, तर तिच्या चुकांपासून सुरुवात करू नका. स्वतःपासून करा. तुम्हाला कशाची क्षमा हवी होती, ते सांगा. गुळगुळीत साक्ष नको, जिथे अजून हरता तेही येऊ द्या. आपल्या मंडळीतले शब्द जपून वापरा. "तारण", "रक्ताने धुतलेला", "नवा जन्म" हे तुमच्या कानाला गोड लागतात, बाहेरच्याला ते परक्या घरच्या सांकेतिक भाषेसारखे वाटतात. निकदेम विद्वान होता, तरी नव्या जन्माचा त्याने आईच्या पोटात पुन्हा शिरायचं का, असा अर्थ लावला. येशूने शोमरोनी स्त्रीशी बोलताना काय केलं पाहा: आधी पाणी मागितलं. देणारा न होता मागणारा झाला. तिच्या पाच नवऱ्यांचा विषय आला, टळला नाही, पण बराच नंतर आला, आणि तो असा आला की ती चिडून निघून गेली नाही. गावात जाऊन म्हणाली, मी केलेलं सगळं मला सांगणारा माणूस पाहायला चला. आपण एखाद्याचं सगळं जाणतो आणि तरी तो आपल्याबद्दल आनंदाने बोलतो, असं माझ्या बाबतीत फार थोड्यांदा घडलं आहे.

पहिल्या पेत्रात आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, म्हटलं आहे. आणि ते "सौम्यतेने व भीडस्तपणाने". भीडस्तपणा हा शब्द मला आवडतो. भीड म्हणजे भित्रेपणा नव्हे. समोरच्याच्या मनात आपण पाहुणे आहोत, हे ओळखून वागणं. आणि "विचारणाऱ्याला" हा शब्दही विसरू नका. तुमच्या मैत्रिणीने विचारलं आहे. अर्धं दार तिनेच उघडलंय.

दुखावलीच तर? आधी कशाने ते पाहा. तुमच्या स्वराने, घाईने, चुकीच्या वेळेने दुखावली असेल तर माफी मागा, आणि माफीच्या मागे "पण" लावू नका. "माफ कर, पण मला तुझ्या काळजीने..." ही माफी नव्हे, दुसरं प्रवचन आहे. मी त्या मित्राची माफी नऊ वर्षांनी मागितली. तेव्हा म्हणालो, "तुझ्या आईसमोर मी जे केलं ते वाईट होतं." त्याने विचारलं, "म्हणजे तू जे मानत होतास ते आता मानत नाहीस?" मी म्हणालो, "मानतो. त्या दिवशी मी ते तुमच्या घरावर फेकून मारलं, त्याची माफी मागतोय." तो बराच वेळ गप्प होता. मग चहा टाकतो म्हणाला.

आणि वधस्तंभामुळेच दुखावली असेल, तर त्याबद्दल माफी मागू नका आणि तिच्या मागेही लागू नका. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूने त्याला थांबवून, सगळं विकून गरिबांना दे, ही अट सैल केली नाही, आणि धावत जाऊन वाददेखील घातला नाही. मार्क एक वाक्य जपून ठेवतो: येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. जाऊ दिलं तेही त्याच प्रीतीने.

वेळेचा हिशेब आपल्या हाती नाही. पुढे मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झालेला ऑगस्टीन सुमारे नऊ वर्षं मानी या पर्शियन शिक्षकाच्या पंथात अडकला होता. त्याची आई मोनिका एका बिशपकडे गेली, माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका दाखवा म्हणाली. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला. तो म्हणाला, आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू दे, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर. मोनिका हटेना, तेव्हा थोडा वैतागून म्हणाला, जा, इतक्या आसवांचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. पुढे मिलानमध्ये ऑगस्टीनला तिथला बिशप अँब्रोज भेटला, आणि ऑगस्टीनने स्वतः कबूल केलं आहे की सुरुवातीला अँब्रोज त्याला आवडला तो सत्याचा शिक्षक म्हणून नव्हे, आपल्याशी मायेने वागणारा माणूस म्हणून. बाप्तिस्मा 387 मध्ये झाला. त्याच वर्षी मोनिका गेली. कवी ना. वा. टिळकांना 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार दिला, तोही काव्याच्या गप्पा झाल्यावर. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्या निर्णयाने लक्ष्मीबाईंचा संसार उभा चिरला गेला आणि त्या स्वतः विश्वासात यायला आणखी पाच वर्षं लागली. त्या सहप्रवाशाने किती मिनिटं बोलणं केलं असेल?

शेवटी तुम्ही विचारलंय, बोलल्यावर तिने मैत्रीच तोडली तर? तोडू शकते. तसं होणार नाही असं वचन मी देत नाही. माझ्या अनुभवात सौम्यपणे, परवानगी घेऊन, स्वतःबद्दल प्रामाणिक राहून बोललेल्यांची मैत्री सहसा तुटत नाही, काही दिवस अवघडते. तरी तुटली, तर तुमच्या बाजूने दार लावू नका. वाढदिवसाला फोन करा. तिच्या बाबांची पहिली पुण्यतिथी लक्षात ठेवा आणि त्या दिवशी भेटायला जा. त्या भेटीत सुवार्तेचा विषय काढू नका. तिने काढला तर गोष्ट वेगळी.